मुलाखतीत थेट नजर हवी: लेन्स, आरसा की दोन टेलिप्रॉम्प्टर?

मुलाखतकार कॅमेऱ्याला खेटून बसला आहे. त्याचे डोळे लेन्सच्या मध्यापासून २० सेंटिमीटर बाजूला आणि पाहुणा दीड मीटरवर असेल, तर पाहुण्याची नजर लेन्सपासून साडेसात अंशांनी हटते. पाहुण्याला तीन मीटरवर नेलं आणि लांब लेन्स लावली तर ती चार अंशांच्या आत येते. नेहमीच्या माहितीपटाला हे चालतं, कारण तिथे पाहुणा दुसऱ्या कुणाशी तरी बोलतोय हे प्रेक्षकानं मान्य केलेलं असतं. पण थेट नजर, म्हणजे पाहुणा प्रेक्षकाच्याच डोळ्यांत बघतोय असं दिसणं, हवी म्हणून हा अर्धामुर्धा मार्ग धरलात तर फसाल. धड इकडे नाही, धड तिकडे नाही अशी नजर दिसते आणि खरं बोलणारा माणूसही काहीतरी लपवतोय असं वाटतं.

एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा. नजर आडवी हटली की लगेच कळते, कारण बुबुळाच्या एका अंगाला पांढरं जास्त दिसायला लागतं. लेन्सच्या किंचित खाली गेली तर बऱ्यापैकी खपून जाते. वर गेलेली मात्र खपत नाही.

थेट लेन्समध्ये बघायला सांगणं

सामान काहीच लागत नाही, पण सवयीचा माणूस लागतो. निवेदक, शिक्षक, रोज कॅमेऱ्यासमोर उभे राहणारे लोक हे सहज करतात. नवखा पाहुणा चार वाक्यं काचेकडे बघून बोलतो आणि उत्तर संपता संपता ‘बरोबर बोललो ना?’ म्हणून डोळे मुलाखतकाराकडे वळवतो. संकलकाला कट हवा असतो तो नेमका तिथेच. मुलाखतकाराला बरोबर कॅमेऱ्यामागे उभं करा, म्हणजे आवाज लेन्सच्या दिशेनं येईल. पाहुण्याकडे वळवलेला कॅमेऱ्याचा छोटा पडदा बंद ठेवा. तरीही भावनिक, लांबलचक मुलाखतीसाठी हा मार्ग आम्ही सुचवणार नाही. काचेच्या गोळ्याकडे बघून मन मोकळं करणं अवघडच.

आरशांची पेटी

लेन्सपुढे ४५ अंशांत अर्धपारदर्शक काच आणि तिच्या शेजारी मुलाखतकारासमोर दुसरा पूर्ण आरसा. मुलाखतकाराचा चेहरा दोनदा परावर्तित होऊन लेन्सच्या जागी दिसतो. परावर्तन दोनदा झाल्यामुळे डावं-उजवं उलट होत नाही. वीज नको, केबल नको, आणि चित्र उशिरा पोचण्याचा प्रश्नच नाही. लहान चमूसाठी आमची पहिली पसंती हीच.

खोड दोन ठिकाणी आहे. ७०/३० काच ७० टक्के प्रकाश लेन्सकडे जाऊ देते, म्हणजे साधारण अर्ध्या स्टॉपचा तोटा (एक स्टॉप गेला की प्रकाश निम्मा होतो). ६०/४० काचेत तो पाऊण स्टॉपच्या जवळ जातो. पण मुलाखतकाराच्या चेहऱ्याचा फक्त ३० टक्के प्रकाश पाहुण्यापर्यंत पोचतो. मुलाखतकारावर वेगळा मऊ दिवा टाकला नाही तर पाहुण्याला अंधुक सावली दिसते आणि डोळे पुन्हा भटकतात. तो दिवा काचेवर सांडू देऊ नका, आणि लेन्सभोवती काळं कापड घट्ट गुंडाळा. दुसरी खोड मुलाखतकाराचीच. तो टिपणं बघायला वाकला की चेहरा आरशातून गायब. प्रश्न पाठ असावेत, नाहीतर मान न हलवता वाचता येतील असे डोळ्यांच्या उंचीवर लावावेत. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी किंवा त्याहून लांब लेन्स असेल तर निर्धास्त. ३५ च्या खाली काचेची कड फ्रेममध्ये डोकावते का ते आधी तपासा.

दोन टेलिप्रॉम्प्टर, दोन कॅमेरे

अमेरिकी माहितीपटकार एरॉल मॉरिस यांनी ही पद्धत नावारूपाला आणली. तिचं ‘इंटरोट्रॉन’ हे नाव त्यांच्या पत्नीनं सुचवलेलं. दोघांपुढे एकेक टेलिप्रॉम्प्टर (लेन्सपुढच्या तिरक्या काचेत मॉनिटरचं चित्र दाखवणारं साधन) आणि कॅमेरा. याचं चित्र त्याच्या काचेवर, त्याचं याच्या. मुलाखतकार पडद्याआड किंवा दुसऱ्या खोलीतही बसू शकतो, आणि वाकला-सरकला तरी चेहरा निदान काचेवर राहतो. तासन् तास चालणाऱ्या मुलाखतीला याच्यासारखी सोय नाही, पण जुळवाजुळवीला वेळ हाताशी ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुलाखतकाराच्या फ्रेममध्ये. कॅमेरामन सवयीनं छान फ्रेम लावतो: चेहरा एका तृतीयांशावर, डोळे वरच्या रेषेवर. इथे ते चुकतं. १५ इंची मॉनिटरवर चेहरा असा बाजूला गेला तर डोळे मध्यापासून जवळपास सहा सेंटिमीटर हटतात, म्हणजे दीड मीटरवर दोन अंशांहून जास्त, आणि तेही आडवे. वर तीन सेंटिमीटर जातात ते निराळंच. मुलाखतकाराचे डोळे मॉनिटरच्या बरोबर मध्यावर हवेत, थोडे खाली असले तरी हरकत नाही. फ्रेम कुरूप दिसेल. ती पाहुण्याशिवाय कुणी बघणार नाही.

बाकीचं पटकन. परावर्तन एकदाच होतं, म्हणून मॉनिटरवर चित्र आडवं उलटवा, नाहीतर दाखवलेला कागद उलटा वाचावा लागेल. कॅमेऱ्याच्या आउटपुटमधून बॅटरीची चिन्हं आणि फोकसचे चौकोन काढून टाका. मुलाखतकाराच्या नाकावर हिरवा चौकोन नाचत असताना कोण गंभीर राहील? चित्र केबलनंच न्या. २५ फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. तीन-चार फ्रेमचा उशीर झाला की ओठ आणि आवाज जुळेनासे होतात. आवाजाचा छोटा स्पीकर काचेच्या लगेच खाली ठेवा. चष्म्यात मॉनिटर चमकत असेल तर त्याचा उजेड कमी करा आणि चष्म्याच्या काड्या कानामागे किंचित वर उचला.

मुलाखतकार दूरगावी असेल तर पाहुण्याकडे एकच टेलिप्रॉम्प्टर आणि त्यावर व्हिडिओ कॉल पुरतो. स्वतःचं चित्र लपवा, मुलाखतकाराची खिडकी मध्यावर आणा, आणि चित्रण समोरच्या कॅमेऱ्यातच करा, कॉलचं नको.

सॉफ्टवेअरनं नजर वळवणं

बोलणाऱ्याचे डोळे चित्रात लेन्सकडे वळवून दाखवायची सोय एनव्हिडिया ब्रॉडकास्ट या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून आहे. घरच्या बैठकीला ठीक. मुलाखतीत मात्र माणूस आठवताना दूर बघतो, उत्तर टाळताना खाली बघतो, आणि ते हलणंच मोलाचं असतं. साक्ष किंवा आरोपाच्या चित्रणात तर हे वापरूच नका.

पद्धत कुठलीही असो, पाहुण्याला मुलाखतकाराच्या डोळ्यांत बघायला सांगून अर्धा मिनिट चित्रण करा आणि डोळे मोठे करून तपासा: बुबुळाच्या दोन्ही बाजूंना पांढरं सारखं दिसलं पाहिजे. मग खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर टेप लावा. खुर्ची चाकांची किंवा फिरती नको.