फुल फ्रेम की एपीएस-सी?

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. एपीएस-सी त्याहून लहान, निकॉन-सोनीचा साधारण २३.५ × १५.६. दोन्ही कर्णांचं गुणोत्तर दीड, तोच क्रॉप फॅक्टर, म्हणजे लेन्सच्या मिमीला ज्याने गुणायचं तो आकडा. कॅननमध्ये तो १.६.

भिगवणला फ्लेमिंगो टिपायला मी एपीएस-सीच नेतो. ३०० मिमीची लेन्स त्यावर ४५० मिमीच्या लेन्सएवढा अरुंद कोन देते, पक्षी चौकट भरून येतो. लेन्स लांब होत नाही बरं का, कडा तेवढ्या कापल्या जातात.

मांडवातल्या मंद उजेडात मात्र फुल फ्रेमच हवा. क्षेत्रफळ सव्वादोनपटीहून जास्त, त्यामुळे त्याच एफ-स्टॉपला (लेन्सच्या छिद्राच्या मापाला) एकूण प्रकाशही तेवढा जास्त आणि सावल्यांत दाणे कमी. शिवाय ५० ची लेन्स एपीएस-सीवर ७५ सारखी वागते. छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी अख्खं कुटुंब मावत नाही.

पैसे मोजके असतील तर एपीएस-सी घ्या, उरलेले लेन्सवर घाला.