ख्रिस्ती महाविद्यालयातला सक्तीचा ‘कोअर’ : एका शैक्षणिक वर्षानंतरचा अनुभव

मिशिगन राज्याच्या पश्चिम भागातील, सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांच्या म्हणजे रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट परंपरेतील एका ख्रिस्ती महाविद्यालयात मी संगणकशास्त्र शिकते आणि माझे पहिले शैक्षणिक वर्ष नुकतेच पूर्ण झाले आहे. या काळात माझ्या मुख्य विषयापेक्षा अधिक वेळ सर्व विद्यार्थ्यांना सक्तीच्या असलेल्या सामान्य अभ्यासक्रमात गेला. येथे सगळे त्याला ‘कोअर’ म्हणतात. अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करणारी आपल्याकडची मुले आणि त्यांचे पालक महाविद्यालयांची तुलना करताना विभागाचा दर्जा, शिष्यवृत्ती आणि नोकरीच्या संधी बारकाईने पाहतात, पण कोअरची माहिती क्वचितच वाचतात. ख्रिस्ती महाविद्यालयाच्या बाबतीत ती सर्वांत आधी वाचायला हवी असे माझे ठाम मत झाले आहे, कारण ते महाविद्यालय इतरांहून वेगळे कशामुळे आहे हे तेथेच कळते.

येथील पदवीला साधारणपणे १२० क्रेडिट लागतात आणि त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक क्रेडिट कोअरमध्ये जातात. लेखन, इतिहास, तत्त्वज्ञान, प्रयोगशाळेसह एक विज्ञान, गणिती विचार, कला आणि परकीय भाषा हे विषय बहुतेक अमेरिकन महाविद्यालयांत असतात. ख्रिस्ती महाविद्यालयात त्यांना बायबल आणि ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी) यांची जोड मिळते. मात्र हे दोन विषय केवळ यादीच्या शेवटी चिकटवलेले नाहीत. आब्राहाम कायपर या डच धर्मशास्त्रज्ञाने १८८० मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या ‘फ्री युनिव्हर्सिटी’च्या उद्घाटनात, मानवी जीवनाचा एक इंचभर भागही ख्रिस्ताच्या अधिकाराबाहेर नाही, अशा अर्थाचे प्रतिपादन केले होते. वनस्पतिशास्त्र असो वा हिशेबशास्त्र, प्रत्येक विषय श्रद्धेशी बोलला पाहिजे, हा रिफॉर्म्ड महाविद्यालयांचा आग्रह त्याच विचारातून आलेला आहे. तो आग्रह वर्गात किती उतरतो, यावरच कोअरचे मूल्य ठरते.

मी पुण्याच्या हिंदू कुटुंबातील आहे. आमच्या महाविद्यालयात प्रवेशासाठी विद्यार्थ्याला श्रद्धेची कबुली द्यावी लागत नाही. इलिनॉयमधील व्हीटन कॉलेजसारख्या संस्था मात्र अर्जदाराकडून ख्रिस्ती श्रद्धेचीच अपेक्षा ठेवतात. अर्ज करण्यापूर्वी हा फरक तपासून घेणे अत्यावश्यक आहे.

जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाचा, अभ्यासक्रम हा वर्षातला सर्वांत समृद्ध भाग ठरला. ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकातील पहिल्या अध्यायाशेजारी आम्ही बॅबिलोनी सृष्टिकथा ‘एनुमा एलिश’ वाचली. एका कथेत देवतांच्या युद्धातून आणि मारल्या गेलेल्या तियामत या देवतेच्या शरीरातून जग घडते, तर दुसरीत केवळ शब्दाने. प्राचीन इस्राएली लोक शेजाऱ्यांच्या कल्पनांना कोणते उत्तर देत होते, हे अशा वाचनातून दिसू लागते. त्यानंतर कित्येक आठवडे जुन्या करारातीलच ईयोबाचे पुस्तक चालले. निरपराध ईयोब देवाला जाब विचारतो, त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्यालाच दोषी ठरवतात आणि शेवटच्या अध्यायात देव सांगतो की माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, त्याचे मित्र नव्हेत. आपल्या संतांनीही विठ्ठलाशी मोकळेपणाने भांडण केले आहे, हे मी चर्चेत सांगितले तेव्हा प्राध्यापकांनी विषय बाजूला न सारता जनाबाई आणि तुकाराम यांच्याविषयी पुढच्या तासाला सविस्तर बोलण्यास सांगितले. माझ्या निबंधाला गुण मिळाले ते मजकुरातील पुराव्यांवर. मी काय मानते, हे कोणीही विचारले नाही. आपल्याकडे पर्यावरण अभ्यासासारखी सक्तीची प्रश्नपत्रिका आदल्या रात्री वाचून उरकली जाते. येथे दर आठवड्याला वाचून आणि लिहून यावे लागते, त्यामुळे सक्तीचा विषयही खरोखर शिकला जातो.

जीवशास्त्राविषयी घरच्यांना काळजी होती, कारण ख्रिस्ती महाविद्यालय म्हटले की उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर १९२५ मध्ये टेनेसी राज्यात चाललेला खटला आठवतो. प्रत्यक्षात उत्क्रांती पूर्ण आणि स्पष्टपणे शिकवली गेली. डार्विनशी दीर्घ पत्रव्यवहार करणारे आणि अमेरिकेत त्याचा सिद्धान्त हिरिरीने मांडणारे हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे स्वतः प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे श्रद्धाळू अनुयायी होते, ही बाब मला याच वर्गात कळली. सर्व ख्रिस्ती महाविद्यालये अशी नाहीत. काही ठिकाणी पृथ्वीचे वय काही हजार वर्षे आहे ही भूमिका अधिकृत असते. जीवशास्त्र किंवा वैद्यकाकडे जाणाऱ्यांनी महाविद्यालयाचे श्रद्धाविधान आणि विज्ञान विभागाची भूमिका अवश्य वाचावी.

ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक्रम मात्र मला निराश करून गेला. वर्ग मोठा होता, चर्चा जवळजवळ नव्हती आणि लहानपणापासून संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या धर्मवर्गात, गेलेल्या मुलांना ठाऊक असलेल्या कितीतरी गोष्टी गृहीत धरल्या होत्या. त्याहून गंभीर उणीव अशी की युरोप आणि अमेरिकेबाहेरच्या ख्रिस्ती धर्माला जेमतेम एक आठवडा मिळाला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्येच मुंबईत पोहोचले होते. केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले, आणि त्या स्वतः १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला आल्या होत्या. अमेरिकेशी इतका जवळचा संबंध असलेल्या या विदुषीचे नाव वर्गातील एकाही विद्यार्थ्याने ऐकलेले नव्हते आणि वाचनाच्या यादीतही ते नव्हते. जगभरच्या श्रद्धेचा अभ्यास करतो म्हणणाऱ्या कोअरला हे शोभत नाही. वर्षअखेरच्या अभिप्रायात मी तसे सविस्तर लिहून दिले आहे.

आरोग्य आणि व्यायामाच्या क्रेडिटविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. चॅपेलची, म्हणजे महाविद्यालयातील सामूहिक उपासनेची, उपस्थिती आमच्याकडे ऐच्छिक आहे. अनेक ठिकाणी ती सक्तीची असते आणि मोजलीही जाते.

वेळापत्रक आणि खर्च हा खरा अडचणीचा भाग आहे. संगणकशास्त्राचे अभ्यासक्रम एकावर एक रचलेले असतात, त्यामुळे पहिल्या वर्षी कोअरच भरमसाट घेतला तर पुढे साखळी तुटते आणि एखादे सत्र वाढू शकते. अनेक अमेरिकन विद्यार्थी सामान्य विषय कम्युनिटी कॉलेजमध्ये, म्हणजे स्थानिक दोन वर्षांच्या महाविद्यालयात, कमी शुल्कात पूर्ण करतात. मिशिगनमध्ये त्यासाठी राज्यस्तरीय करारही आहे, ज्यानुसार किमान ३० क्रेडिटचा गट सहभागी महाविद्यालयांत एकत्रितपणे मान्य होतो. बायबल आणि ईश्वरविज्ञान मात्र बहुधा त्याच महाविद्यालयात, त्याच्या पूर्ण शुल्काने करावे लागतात. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरील पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक नियमित सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात आणि त्या १२ मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रम एकच धरला जातो, हेही नियोजन करताना लक्षात ठेवावे.

परकीय भाषेची अट मराठी मातृभाषेच्या आधारे माफ होऊ शकते. अनेक महाविद्यालये इंग्रजीखेरीज दुसरी भाषा उत्तम येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना ही सवलत देतात, परंतु ती आपोआप मिळत नाही. पहिल्या नोंदणीपूर्वीच अ‍ॅडव्हायझरला, म्हणजे महाविद्यालयाने नेमलेल्या अभ्यास-मार्गदर्शकाला, लेखी विचारावे, शाळेत मराठी शिकल्याचे दाखले सोबत ठेवावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावे. मला ही सवलत मिळाली, त्यामुळे रिकाम्या झालेल्या क्रेडिटमध्ये पुढच्या सत्रात मी तत्त्वज्ञान विभागाचा नीतिशास्त्राचा अभ्यासक्रम घेत आहे.

ज्यांना चार वर्षे केवळ आपल्या विषयातच राहायचे आहे, त्यांना हा कोअर ओझे वाटेल आणि त्यांनी मोठ्या सरकारी विद्यापीठाचा विचार करावा. ज्यांची वाचण्याची, लिहिण्याची आणि परक्या श्रद्धेसमोर प्रामाणिकपणे बसण्याची तयारी आहे, त्यांना मी हे शिक्षण मनापासून सुचवेन. निर्णयापूर्वी बायबलच्या आणि ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासक्रमांचा चालू वर्षाचा वाचन आराखडा प्रवेश कार्यालयाकडून मागवून घ्यावा आणि वर्गात किती विद्यार्थी असतात हे विचारावे.