बटन टायर, वेडी बाभूळ आणि मागे बांधलेलं नायट्रोजन

सोलापुरात एक्सपल्स ही मोटरसायकल घेतली म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मग लडाखला कधी?" मला लडाखला जायचं नाही. मला सकाळी साडेसहाला मंद्रूपच्या पुढच्या एका वस्तीवर पोचायचं असतं, कारण तिथली म्हैस माजावर आलेली असते आणि तिचा माज माझ्या सोयीनं थांबत नाही. मी गुरांची डॉक्टर आहे. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या वस्त्यांवर फिरते. आधी स्कूटर होती. तिचं पुढचं चाक बैलगाडीच्या चाकोरीत तीनदा अडकून मी तीनदा आडवी झाले, तेव्हा 2022 मध्ये एक्सपल्स 200 4व्ही घेतली. आता मीटरवर अडतीस हजार आहेत आणि टायरची तिसरी जोडी चालू आहे. हे लिहिणं त्या तीन जोड्यांबद्दल, आणि टायरइतकेच पैसे ज्या सटरफटर वस्तूंवर गेले त्यांच्याबद्दल.

साइझ आधी सांगते, कारण पहिली फसगत तिथेच झाली. पुढे 90/90-21, मागे 120/80-18. मूळचा मागचा टायर सोळा हजारांवर गुळगुळीत झाला म्हणून मी शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेले. नाव घेत नाही. काउंटरवरच्या मुलानं "ॲडव्हेंचरचा आहे मॅडम" म्हणत जो टायर पुढ्यात ठेवला तो 120/90-17 होता, हिमालयन 411 या दुसऱ्याच मोटरसायकलला लागतो तो. मी म्हटलं, अरे, हा सतरा इंची आहे, माझी रिम अठराची. तर म्हणे, "बसवून देतो की, चालतंय." अठराच्या रिमवर सतराचा टायर बसवणारा माणूस मला खरंच बघायचा होता, पण दवाखान्याची वेळ झाली होती. मग आतून बरोबर साइझचा आला. त्याच्या बगलेवर तारखेचे चार आकडे शोधले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. चार वर्षांपूर्वीचा माल निघाला. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात चार वर्षं पडलेलं रबर पैसे मोजून घ्यायचं म्हणजे मुदत संपलेलं इंजेक्शन टोचण्यासारखं. तिथून निघाले.

मागच्या 120/80-18 ला आपल्याकडे पर्याय कमी आहेत, हे या गाडीचं खरं दुखणं. मी शेवटी जुना पुणे नाक्याकडच्या एका लहान दुकानात आगाऊ पैसे देऊन मागवला. आठ दिवस लागले, पण माल तीन महिन्यांपूर्वीचा मिळाला, आणि दुकानदारानं स्वतःहून बगलेवरचा भारांकही वाचून दाखवला: 62, म्हणजे 265 किलो. पुढच्यावर 54, म्हणजे 212. माझ्यामागे औषधांची पेटी, कृत्रिम रेतनाचा कंटेनर, कधी कधी एखादा शेतकरीही असतो, त्यामुळे हा आकडा माझ्या कामाचा. त्यापुढचं अक्षर वेगाचं, एस म्हणजे ताशी 180 किलोमीटर. तेवढ्या वेगाला ही गाडी आयुष्यात जाणार नाही.

तर दुसरी जोडी घेतली ती बटन टायरची. खोटं कशाला बोलू, दिसायला आवडली म्हणून घेतली. रबराचे मोठे मोठे, सुटे सुटे गड्डे, गाडी एकदम रानरेडा. माझा पंक्चरवाला, ज्याची मराठी अर्धी तेलुगू आहे आणि हात पूर्ण सोन्याचे, तो चाक खोलतानाच म्हणाला होता, "मॅडम, हे बटन घेऊन काय करलालाव? डांबरावर टक्कल पडतंय बघा ह्याला." सात हजार किलोमीटरमध्ये मधले गड्डे झिजून गेले. माझं रोजचं गणित असं: साठ-सत्तर किलोमीटर विजयपूर हायवे किंवा अक्कलकोट रोड, आणि दोन-तीन किलोमीटर वस्तीचा रस्ता. त्या दोन-तीन किलोमीटरसाठी मी बाकीच्या साठांवर आवाज, थरथर आणि ओल्या डांबरावरचं घसरणं सोसत होते. पावसाच्या पहिल्या सरीनंतर सात रस्त्याच्या चौकात ब्रेक दाबला तेव्हा त्या गड्ड्यांचा एवढासा भाग रस्त्याला टेकतो म्हणजे काय, ते पोटात कळलं.

आणि ज्या काळ्या मातीसाठी म्हणून घेतले, तिथे तर त्यांची अब्रूच गेली. आमच्याकडे मोठा पाऊस सप्टेंबरात पडतो. त्या महिन्यात मी हत्तरसंग कुडलच्या बाजूला एका गाईसाठी निघाले होते. भीमा-सीनेचा संगम तिथे आहे, आणि शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा शिलालेख. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत तो धरतात. मी मात्र त्या दिवशी लेख सोडून चाकाकडे बघत बसले होते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि गोंदासारखी चिकटते. चाकाच्या पहिल्या दोन फेऱ्यांत गड्ड्यांमधल्या खाचा भरल्या, बटन टायर गुळगुळीत झाला, मग तो मातीचं नवं पुट चढवत सुटला. पुढचं मडगार्ड उंचावर असल्यानं पुढचं चाक निदान फिरत होतं. मागे स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, आणि टायरमध्ये चिखलाची वीट तयार झाली आणि गाडी इंजिन चालू असताना जागच्या जागी उभी. स्टँडसुद्धा लावायला नको. वीस मिनिटं बाभळीच्या काटकीनं कोरत बसले. शेतकरी बांधावरून बघत होता, म्हणाला, "डॉक्टरीणबाई, चालत आला असता तर एव्हाना पोचला असता ओ." गाय तोवर व्याली होती, माझ्याशिवाय.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की ओल्या काळ्या मातीत कुठलाच टायर चालत नाही. तिथे गाडी डांबरावर ठेवायची, पेटी खांद्याला मारायची आणि चपला हातात घ्यायच्या. टायर निवडायचा तो उरलेल्या दिवसांसाठी: डांबर, मुरूम, खडी टाकून तशीच सोडलेली रस्त्याची कामं, आणि कालव्याच्या कडेची धूळ. म्हणून तिसरी जोडी पुन्हा मूळच्यासारख्याच नक्षीची घेतली, ठोकळे मोठे पण जवळजवळ, मधोमध जवळपास सलग. कंपनी मुद्दाम सांगत नाही. साइझ बरोबर, नक्षी बरोबर आणि तारीख ताजी असली की कंपनीचा नंबर चौथा लागतो. पंधरा हजार झालेत, अजून पाच-सहा हजार जातील. कोरड्या मुरमावर थोडी नाचते, पण सांगून नाचते. नदीच्या वाळूत मात्र बटनची आठवण येते, तेवढं कबूल. वाळूत रोज जायचं असेल तर तुम्ही बटनच घ्या, माझं ऐकू नका.

आता ट्यूब. सोलापूरच्या माणसानं टायरपेक्षा ट्यूबवर जास्त विचार करावा. वेडी बाभूळ प्रत्येक ओढ्याकाठी माजली आहे. शेतकरी तिच्या फांद्या तोडून कुंपणाला लावतात आणि वाळलेले काटे रस्त्यावर पडतात. तारांच्या चाकात ट्यूब असते, आणि ट्यूब फुटली की ट्यूबलेससारखी हळूहळू खबर देत नाही, भसकन बसते. साधी ट्यूब काढून जाड, हेवी ड्यूटी ट्यूब टाकली. जड आहे, चाक थोडं आळशी वाटतं, पण महिन्याला दोन पंक्चर होती ती चार महिन्यांत एकावर आली. सुटी ट्यूब मी एकच जवळ ठेवते, 21 इंचाची. वेळ पडली तर ती मागच्या अठरामध्येही बसते आणि घरापर्यंत आणते. उलटं करायला जाऊ नका.

हवेबद्दल एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मुरमावर पकड यावी म्हणून मी एकदा मागची हवा फार कमी केली. टायर रिमवर सरकला, त्याच्याबरोबर ट्यूब ओढली गेली आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटला. तसली ट्यूब जोडली जात नाही, फेकावीच लागते. आता व्हॉल्व्हचा खालचा नट रिमला कसत नाही, वर टोपीजवळ सैल ठेवते. व्हॉल्व्ह तिरका दिसला की कळतं, आत काहीतरी सरकतंय. पुढे 25 आणि मागे 28 पीएसआय ठेवते, मागे माणूस असला की 32. हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची. दुपारी तीनला 43 डिग्रीत आकडा चढलेला दिसतो म्हणून सोडायला गेलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसलेला.

एका पंपावर मुलानं विचारलं, "नायट्रोजन भरायचा का मॅडम?" मी मागे वळून कंटेनर दाखवला. तीन लिटर द्रवरूप नायट्रोजन, उणे 196 अंश, त्यात रेतनाच्या कांड्या, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्या. आपल्या साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो, तर त्याचे वेगळे पैसे कशाला?

या कंटेनरमुळेच माझी ॲक्सेसरीजची यादी इतरांपेक्षा वेगळी झाली. तो उभाच राहिला पाहिजे, आणि त्याचं बूच घट्ट बंद करता येत नाही, कारण वाफ बाहेर जायला वाट लागते. बाजारातली टॉपबॉक्स निरुपयोगी. एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्याकडून कॅरियरवर लोखंडी पट्टीची कडी करून घेतली, आत जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं. औषधांसाठी ताडपत्री शिवणाऱ्याकडून दोन्ही बाजूंच्या बॅगा शिवून घेतल्या. पावसात पाणी शिरत नाही, फाटल्या तर तोच पंधरा मिनिटांत टाका मारतो. ब्रँडेड बॅगेच्या किमतीत अशा चार जोड्या झाल्या असत्या. रंग मात्र ट्रकसारखा निळा, त्याला इलाज नाही.

हँडगार्ड घ्यायचे तर आत ॲल्युमिनियमची पट्टी असलेलेच. नुसतं प्लॅस्टिक बाभळीच्या फांदीला पुरतं, पण गाडी पडली तर क्लचचा लिव्हर वाचवत नाही. लेग गार्ड घेतला, दोनदा उपयोगी पडला. मोबाईल होल्डर घेऊन पस्तावले, थरथरीनं फोनचा कॅमेरा गेला. सीटवर एअर पिलोऐवजी घोंगडी बांधते. उन्हात तापलेल्या सीटवर बसायला तिच्याइतकं दुसरं काही नाही, आणि रात्री उशीर झाला की वासराखाली अंथरायलाही होते.

माझी उंची पाच फूट तीन इंच. या गाडीची सीट 825 मिलिमीटरवर, म्हणजे दोन्ही पाय टेकत नाहीत, एक पाय आणि देव. कोणी गाडी उंच करणारं रॅली किट लाव म्हणालं. त्यानं सीट आणखी वर जाते, मग मला चढायला दगड लागेल. मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी बुटकी करायचा सल्लाही मिळाला, पण खालची जागा घालवायची नव्हती. उतरताना बांध किंवा दगड शोधायची सवय लागली आहे.

सगळ्यात स्वस्त वस्तू राहिली. काळ्या मातीत साइड स्टँड पेरल्यासारखा रुततो, आणि गाडी आडवी झाली की कंटेनर सांडतो. एकदा सांडला, कांड्या वाया गेल्या, त्या महिन्याचं पेट्रोल त्यातच निघालं असतं. त्याच वेल्डिंगवाल्यानं स्टँडच्या पायाला तळहाताएवढी चपटी पट्टी मारून दिली. दीडशे रुपये घेतले, वर म्हणाला, "म्हशीला खूर असतोय, गाडीला का नको?"