बॉडीबिल्डिंगच्या कॉन्टेस्ट प्रेपसाठी (स्पर्धेच्या तयारीसाठी) ऑनलाइन कोचिंग घेतलं, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

सर्व्हिसचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण एकाच ठिकाणी बरेच कोच असतात आणि कोच बदलला की अनुभवपण बदलतो, त्यामुळे काम कसं चालतं तेच सांगतो म्हणजे कुठलीही प्रेप सर्व्हिस घेताना तुम्हाला काय तपासायचं ते कळेल. माझं स्पष्ट मत असंय की अमॅच्युअर लेव्हलला कोचचे पैसे वर्कआउट प्लॅनसाठी द्यायचेच नसतात. काही वर्षं नीट लिफ्टिंग केलेल्या माणसाला स्क्वॉट आणि रो कोणी नव्याने शिकवायची गरज नसते. पैसे द्यायचे ते आपलं डोकं ठिकाणावर नसताना दुसऱ्याने शांतपणे निर्णय घ्यावा म्हणून. कटिंगच्या, म्हणजे चरबी उतरवायच्या काळाच्या, शेवटी शेवटी आरशात रोज वेगळाच माणूस दिसतो, आज फ्लॅट (मसल रिकामे वाटणारा), उद्या फुगलेला, आणि मग रोज प्लॅनला हात लावावासा वाटतो, कोच चांगला असेल तर तो तेव्हा तुमचा हात धरतो.

सुरुवात आवडली. लगेच डाएट चार्ट पाठवला नाही, आधी जसं खाताय तसंच खा पण वजन करून सगळं लिहून पाठवा म्हणाले, रक्ताच्या तपासण्या मागितल्या, आधी किती वेळा डाएट केलंय, झोप किती असते, काम बसून आहे का उभ्याने, हे सगळं विचारलं. मग टार्गेट दिलं, आठवड्याला शरीराच्या वजनाच्या 0.5 ते 1 टक्काच कमी करायचं, म्हणजे 80 किलोच्या माणसाने 400 ते 800 ग्रॅम, आणि जसजसं लीन होत जाल तसतसं खालच्या आकड्याकडे यायचं कारण चरबी कमी उरली की मसल जायची भीती वाढते. प्रोटीन लीन मासच्या (चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या) दर किलोला 2.3 ते 3.1 ग्रॅम, फॅट एकूण कॅलरीच्या 15 ते 30 टक्के, उरलेलं सगळं कार्ब. हे आकडे 2014 साली नॅचरल बॉडीबिल्डिंगच्या प्रेपवर आलेल्या रिव्ह्यू पेपरमधलेच आहेत, तो फुकट वाचायला मिळतो, प्रेप करणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचाच.

खरी कमाल चेक-इनची. रोज सकाळी टॉयलेटला जाऊन आल्यावर, पाणी प्यायच्या आधी वजन, पण तुलना फक्त आठवड्याच्या सरासरीची. नाभीच्या लेव्हलला टेपने कंबर, पावलं, झोपेचे तास, जिमची वही, आणि फोटो एकाच जागी, एकाच उजेडात, पंप न घेता (व्यायामाने मसल न फुगवता). एका रिफीडनंतर (डाएटमध्ये मुद्दाम जास्त कार्ब खायचा दिवस) वजन किलोच्या वर वाढलेलं दिसलं आणि मी घाबरून कार्डिओ वाढवू का असा मेसेज टाकला, त्यावर उत्तर आलं, "थांब, बुधवारपर्यंत काहीही बदलायचं नाही." मग नीट समजावून सांगितलं, की मसलमध्ये 1 ग्रॅम ग्लायकोजेन (कार्बचा साठा) साठलं की सोबत साधारण 3 ग्रॅम पाणी येतं, मीठ आणि पोटातलं अन्न वेगळंच, आणि किलोभर चरबी चढायला 7700 च्या आसपास कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात ज्या त्या दिवशी पोटात गेल्याच नव्हत्या. बुधवारी वजन आधीपेक्षा खाली होतं! हा एक मेसेज मला अख्ख्या डाएट चार्टपेक्षा महाग वाटतो.

पुढे एकदा वजन खरंच अडकलं, सरासरी हलेचना. मला वाटलं आता भात कापणार, पण कोचने आधी पावलांचा कॉलम उघडला. कॅलरी कमी झाल्या की शरीर आपोआप हालचाल कमी करतं, माणूस बसला की उठत नाही, जिना टाळतो, बोलताना हातसुद्धा कमी हलवतो आणि हे त्याचं त्याला कळतही नाही. माझी पावलं चांगलीच घसरली होती. ती फक्त परत होती तिथे आणायला लावली, ताटातलं काही कमी केलं नाही आणि वजन पुन्हा उतरायला लागलं. डाएटमधून कापाकापी ज्याला शेवटी सुचते तो कोच मला भरवशाचा वाटतो.

ट्रेनिंगबद्दल फार लिहीत नाही. वजनं जड ठेवायची, ताकद टिकवायची, रिकव्हरी कमी पडली तर सेट कमी करायचे पण प्लेट्स उतरवायच्या नाहीत. कटिंग आहे म्हणून हलकी वजनं आणि भरपूर रेप्स हे अजून कितीतरी जिममध्ये सांगतात, पण जे वजन उचलून मसल बनला तेच उचलत राहिलात तर तो टिकतो. सप्लिमेंट्समध्ये क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज 3 ते 5 ग्रॅम, कॅफिन, आणि जेवणातून प्रोटीन पुरत नसेल तर व्हे, बस्स. फॅट बर्नर विकायचा प्रयत्न एकदाही झाला नाही. टेस्टेड (डोपिंग चाचणी होणारा) शो असेल तर लॅबमध्ये तपासलेली बॅचच घ्या असंही बजावलं, कारण वाडाच्या (WADA, जागतिक डोपिंगविरोधी संस्था) नियमात शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच असते, डब्यावर काय छापलंय याला तिथे अर्थ नाही.

पीक वीकमध्ये, म्हणजे शोच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात, पाणी तोडायला लावलं नाही, याचे वेगळे मार्क. मसलचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतं, ते काढून मसल भरलेला दिसणार कसा? आणि हा विषय नुसत्या दिसण्याचा नाही, 1992 मध्ये मोहम्मद बेनाझिझा डच ग्रां प्री जिंकला आणि त्यानंतर काही तासांतच गेला, टोकाचं डिहायड्रेशन हे कारण सांगितलं जातं. डाययुरेटिक्स (लघवीवाटे पाणी काढणारी औषधं) वाडाच्या बंदी यादीत आहेतच. आमच्याकडे कार्ब लोडची (मसल भरायला शोआधी जास्त कार्ब खाण्याची) रंगीत तालीम शोच्या काही आठवडे आधीच झाली, किती कार्बवर मी भरलेला दिसतो आणि कितीनंतर स्पिल व्हायला लागतो (पाणी धरून मसलच्या रेषा पुसट होतात) ते फोटोत बघून ठरवलं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात नवीन काहीच करायचं नव्हतं.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी पोजिंगची. सात मँडेटरी पोजेस असतात, फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स आणि ॲब्ज अँड थाय, आणि यासाठी सर्व्हिसने काय दिलं तर एक रेकॉर्डेड व्हिडिओ, तोही अगदी शेवटी. अरे, महिनोन्महिने उपाशी राहून काढलेली कंडिशन जजला दिसणार ती पोजमधूनच ना! बॅक डबल बायसेप्समध्ये एक पाय मागे घेऊन आधी काफ, मग हॅमस्ट्रिंग, मग ग्लूट, मग पाठ असं खालून वर टाइट करत जायचं आणि चेहरा शांत ठेवून धरून राहायचं, हे लीन अवस्थेत करताना मांडीत गोळे येतात, श्वास सुटतो, आणि ती ताकद व्हिडिओ बघून येत नाही. मला पोजिंगसाठी वेगळा माणूस गाठावा लागला. पोजिंग पहिल्या महिन्यापासून असायलाच हवं, नसेल तर अर्धीच प्रेप मिळतेय असं समजा.

बाकी किरकोळ म्हणजे ॲपवर फोटो अपलोड होताना सारखे अडकतात आणि शनिवार-रविवारी उत्तर येत नाही. पहिला मील प्लॅन कॉपी-पेस्ट वाटला, पण सांगितल्यावर मॅक्रो (प्रोटीन, कार्ब, फॅटचे आकडे) देऊन पदार्थ माझे मला निवडू दिले.

माझी एक मैत्रीणही यांच्याकडेच प्रेप करत होती. तिची पाळी थांबली तेव्हा तिच्या कोचने लगेच कॅलरी वाढवल्या, डॉक्टरकडे पाठवलं आणि शो पुढे ढकलू असं स्वतःहून सांगितलं. 'प्रेपमध्ये होतंच असं' म्हणून सोडून देणारे लोक मी बघितलेत, त्यामुळे याचं खरंच कौतुक वाटतं. पुरुषांचंही शरीर कुरकुरतंच, 2013 च्या एका केस स्टडीत नॅचरल बॉडीबिल्डरचं टेस्टोस्टेरॉन प्रेपमध्ये 9.22 वरून 2.27 नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरवर आलं होतं आणि विश्रांतीतले हृदयाचे ठोके मिनिटाला 53 वरून 27 वर, आणि शो झाल्यावर टेस्टोस्टेरॉन पूर्ववत व्हायला साधारण तीन महिने गेले.

आणि नेमकं इथेच माझं शेवटचं भांडण आहे, पॅकेज शोच्या दिवशी संपतं. भूक सगळ्यात जास्त खवळलेली असते ती त्यानंतरच्या आठवड्यांत, शरीर मिळेल ते साठवायला बसलेलं असतं आणि तेव्हा चेक-इन बंद! मी वेगळी फी भरून ते चालू ठेवलं आणि कॅलरी हळूहळू वर आणल्या. तुम्ही जॉइन करत असाल तर शोनंतरचे दोन-तीन महिने पॅकेजमध्ये धरलेत का हे पहिल्याच कॉलवर विचारा आणि पैसे भरायच्या आधी लेखी घ्या.