पत्र्याखालचा पडदा

13 सप्टेंबर 2024 रोजी ‘तुंबाड’ पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात गौरी-गणपतीचे विसर्जन होऊन जेमतेम एक दिवस उलटला होता. मुंबईला परतणारे चाकरमानी पिशव्यांत नारळ भरत होते, पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता आणि बाजारपेठेमागच्या एकपडदा चित्रपटगृहात सहाच्या खेळाला शंभरेक माणसे जमली होती. 2018 साली हा चित्रपट मी मुंबईच्या एका वातानुकूलित सभागृहात पाहिला होता आणि तो मला आवडलाही होता. येथे मात्र पडद्यावर पाऊस कोसळू लागला आणि त्याच वेळी डोक्यावरच्या पत्र्यावर खरी सर आली. त्यानंतर दहा मिनिटे कोणता आवाज चित्रपटाचा आणि कोणता आभाळाचा, हे कोणालाच सांगता आले नसते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी एकामागून एक पावसाळे खर्ची घालून जे वातावरण टिपले, त्याला अशी साथ फार थोड्या ठिकाणी मिळाली असेल.

एरवी हा पत्रा म्हणजे या चित्रपटगृहाचा सर्वांत मोठा दोष आहे. जून ते सप्टेंबर या काळात संवादप्रधान चित्रपट येथे पाहू नये, असेच मी सांगेन. चित्र स्वच्छ दिसते, पडदा दोन वर्षांपूर्वी बदललेला आहे, बाल्कनीतल्या खुर्च्याही बऱ्या आहेत. पण ध्वनिवर्धक जुने असल्यामुळे कुजबुज ऐकू येत नाही आणि संगीत सुरू झाले की कानठळ्या बसतात. मध्यंतर कुठे घ्यायचे, हे दिग्दर्शकापेक्षा वड्याचा घाणा ठरवतो, अशी मला दाट शंका आहे. दहापेक्षा कमी प्रेक्षक आले तर खेळ रद्द होतो आणि ते खिडकीवर पोहोचल्यावरच कळते. तिकीट बाल्कनीचे 120 रुपये आणि खालचे 80 रुपये आहे. रात्रीचा खेळ मात्र वस्तीची एसटी सुटण्याआधी संपेल अशा बेताने लावतात, आणि ज्यांचे घर दहा-बारा किलोमीटर आत आहे त्यांना या एका सोयीची किंमत ठाऊक आहे.

तरीही मी येथे पुन्हा पुन्हा जातो, त्याचे कारण महिन्यातल्या एका सोमवारी दुपारी लागणारा जुना चित्रपट. गेल्या हिवाळ्यात अशाच एका दुपारी ‘किल्ला’ लागला होता. अविनाश अरुण यांचा हा चित्रपट गुहागर परिसरात चित्रित झाला, 2014 साली बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी त्याला क्रिस्टल बेअर दिले आणि पुढल्या वर्षी तो चित्रपटगृहांत आला. वडील गेलेला मुलगा आईच्या बदलीमुळे किनाऱ्यावरच्या गावी येतो, एवढीच गोष्ट आहे. पावसात मित्र त्याला किल्ल्यात एकटा सोडून निघून जातात, तो प्रसंग आला तेव्हा खालच्या रांगांतून एक आजी मोठ्याने म्हणाल्या, ‘मेल्यांनू, पोराक टाकून खंय जातास?’ कोणी हसले नाही. अरुण यांनी कॅमेराही स्वतःच सांभाळला आहे आणि त्यांचा समुद्र पर्यटनाच्या भित्तिपत्रकासारखा निळा नाही. तो राखाडी, ओला आणि थोडासा परका वाटतो. बदली होऊन आलेल्या कुटुंबाला कोकण पहिल्या पावसाळ्यात असेच दिसत असणार. येथे जन्मलेल्या आम्हा लोकांना ते परकेपण पडद्यावर पाहावे लागले, याची मला त्या दुपारी किंचित लाजही वाटली.

‘श्वास’ मी याच सभागृहात 2004 साली पाहिला होता, तेव्हा चित्रपट रिळांच्या पेट्यांतून येत असत. त्या चित्रपटातले आजोबा कोकणातून नातवाला घेऊन पुण्याच्या इस्पितळात जातात; आमच्याकडच्या कितीतरी घरांनी ती वाट तुडवलेली असल्यामुळे अरुण नलावडे यांच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ येथे कोणाला अभिनय वाटलाच नाही. ‘श्यामची आई’, ‘श्वास’ आणि ‘कासव’ या तिन्ही मराठी चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला आणि तिघांच्याही पायाला कोकणची माती आहे, ही गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला न विचारता सांगतो.

सप्टेंबर 2025 मध्ये ‘दशावतार’ लागला तेव्हा मात्र या चित्रपटगृहाने आपली खरी परीक्षा पाहिली. जत्रेतल्या दशावतारी नाटकाला पहाटेपर्यंत मांडी घालून बसणारे, कोणत्या कलाकाराचा संकासुर कसा होता यावर वाद घालणारे लोक प्रेक्षकांत होते. त्यांनी मालवणी हेल तपासले, रंगभूषा तपासली आणि एक-दोन जागी नाराजीने च्यक् च्यक् केले. पण एक्याऐंशी वर्षांच्या दिलीप प्रभावळकरांपुढे त्यांनी हात टेकले. कथेचा उत्तरार्ध मला स्वतःला गरजेपेक्षा भडक वाटला. ते मत मी खेळ सुटल्यानंतरच्या गर्दीत बोलून दाखवले नाही, कारण मला सुखरूप घरी जायचे होते.

आगामी चित्रपटांपैकी नितेश तिवारी यांच्या ‘रामायण’विषयी मला फारसे कुतूहल नाही; एवढा अवाढव्य खेळ या पडद्यावर आणि या ध्वनिवर्धकांवर मावणारही नाही. रितेश देशमुख यांच्या ‘राजा शिवाजी’ची वाट मात्र मी पाहत आहे. 1 मे 2026 ही तारीख जाहीर झालेली आहे, छायाचित्रण संतोष सिवन यांचे आणि संगीत अजय-अतुल यांचे आहे, त्यामुळे दिसण्या-ऐकण्याची चिंता नाही. माझी चिंता वेगळी आहे. शिवकालीन चित्रपट म्हटला की सह्याद्रीचे कडे आणि घोड्यांच्या टापा येतात, पण 1664 साली मालवणच्या बेटावर ज्या राजाने सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, त्याचे आरमार पडद्याच्या कडेलाच राहते. निदान एकदा गलबतांना पुरेसे पाणी मिळावे, एवढी अपेक्षा किनाऱ्यावरच्या प्रेक्षकाने ठेवली तर ती जास्त होऊ नये.

‘तुंबाड’चा दुसरा भागही जाहीर झालेला आहे. ते कळल्यावर मी तिकीटखिडकीवर बसणाऱ्या मालकांना मुद्दाम जाऊन सांगितले. पत्र्याखाली आवाज शोषणारे नवे छत बसवण्याचा त्यांचा विचार बरेच दिवस चालू आहे आणि प्रेक्षक म्हणून त्याला माझा पाठिंबाच असायला हवा. तरी मी त्यांना तो दुसरा भाग येऊन जाईपर्यंत थांबण्याची विनंती केली. त्यांनी तिकिटांचा गठ्ठा खाली ठेवला आणि ते म्हणाले, ‘आधी छप्पर गळता ता थांबांदे, मगे आवाजाचा बघूया.’