टारमॅक एसएल८ : सगळं जमणारी सायकल तीन आठवडे पुरते का?

२०२० च्या जुलैपर्यंत स्पेशलाइज्ड कंपनी रस्त्यावरच्या शर्यतीसाठी दोन सायकली विकत होती. सपाटीवर वारा कापायला व्हेंज आणि घाट चढायला टारमॅक. मग टारमॅक एसएल७ आली, व्हेंज बंद झाली, आणि दोन्ही कामं एकाच फ्रेमकडे आली. ऑगस्ट २०२३ मध्ये बाजारात आलेली एसएल८ ही त्याच दाव्याची पुढची पायरी. या सायकलीवर सगळ्यात जास्त कॅमेरे रोखले गेले ते बेल्जियमच्या रेम्को एव्हेनेपूल या रायडरमुळे, आणि तोही तिच्यासारखाच सगळं जमणारा गडी. लिएज–बास्तोन–लिएज ही एका दिवसाची शर्यत दोनदा, टाइम ट्रायलचं (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या शर्यतीचं) जगज्जेतेपद तीनदा, पॅरिस ऑलिंपिकची दोन सुवर्णं. दोघांपुढे प्रश्न एकच: एका दिवसाचं ठीक आहे, पण २१ टप्प्यांच्या शर्यतीत काय?

आधी सायकल. सर्वांत वरच्या प्रतीच्या, एस-वर्क्स फ्रेमचं वजन कंपनी ६८५ ग्रॅम सांगते. एसएल७ ची फ्रेम ८०० ग्रॅमची होती. पूर्ण सायकल ५६ मापात ६.६ किलोची. आता गंमत अशी, की यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या नियमाप्रमाणे शर्यतीतली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. मग फ्रेममधले ११५ ग्रॅम कमी करून व्यावसायिक रायडरला मिळालं काय? जागा मिळाली. वाचलेल्या ग्रॅममध्ये पॉवर मीटर, रुंद टायर आणि मुख्य म्हणजे खोल रिमची चाकं बसवता येतात, तरी वजनाचा काटा ६.८ च्या आसपासच राहतो. हलकी फ्रेम घाटासाठी असते असं सर्रास म्हटलं जातं. इथे ती सपाटीवरच्या चाकांचा खर्च भागवते.

आकडे मांडून पाहू. रायडर, सायकल, बाटल्या, बूट मिळून ७० किलो धरा, चढ ८ टक्क्यांचा आणि चाळीस मिनिटांचा. यात १०० ग्रॅमचा फरक म्हणजे साधारण तीन सेकंद. कंपनीच्याच रोव्हाल ब्रँडची डोंगरी चाकं, अल्पिनिस्ट सीएलएक्स २, १२६५ ग्रॅमची; खोल रिमची रॅपिड सीएलएक्स २ ही १५२० ग्रॅमची. फरक २५५ ग्रॅम, म्हणजे चाळीस मिनिटांत सातआठ सेकंद. तोही पूर्ण पदरात पडत नाही, कारण ६१ किलोचा रायडर दर किलोला ६ वॅट लावून हा चढ ताशी २० किलोमीटरने चढत असेल, तर त्या वेगालाही आठ-दहा टक्के ताकद हवाच खाते. आणि घाटाच्या आधी दीडशे किलोमीटर सपाटी असते. म्हणून डोंगरी टप्प्यांवरही बरेच रायडर खोल चाकं काढत नाहीत.

हवेच्या बाबतीत कंपनीचा दावा असा: ताशी ४५ च्या वेगाने एसएल७ पेक्षा ४० किलोमीटरमागे १६.६ सेकंद कमी. हेड ट्यूब, म्हणजे हँडलखालची फ्रेमची पुढची नळी, नाकासारखी पुढे काढली आहे, सीटपोस्ट आणि सीट ट्यूब बारीक केल्या आहेत, हँडल आणि त्याला धरणारा स्टेम एकाच तुकड्यात आहेत. हे सेकंद एकट्याने वारा झेलणाऱ्याला मिळतात. दीडशे जणांच्या घोळक्यात दडलेल्याला त्यातले थोडेच. एव्हेनेपूलचा खेळ नेमका एकट्याने सुटण्याचा आहे, त्यामुळे त्याला ही फ्रेम इतरांपेक्षा जास्त फळते. पॅरिस ऑलिंपिकच्या रस्ता शर्यतीत शेवटच्या चार किलोमीटरांत, लूव्रपाशी त्याच्या मागच्या चाकाची हवा गेली. सायकल बदलून तो पुन्हा निघाला, तरी सुवर्णपदक त्याचंच. इतकी मोठी आघाडी घोळक्यात बसून मिळत नाही.

हाताळणीत बदल नाही आणि तो नको होताच. भूमिती एसएल७ चीच: ५६ मापात स्टॅक (पुढच्या भागाची उंची) ५६५ मिमी, रीच (पुढची लांबी) ३९५, मागची चेनस्टे (पेडलच्या धुरीपासून मागच्या चाकापर्यंतची नळी) ४१०. उतारावर पुढचं चाक सांगू तिकडे जातं, पण अंगावर येत नाही. रॅपिडची पुढची रिम ५१ मिमी खोल आणि ३५ मिमी रुंद, मागची ६० मिमी खोल आणि ३० मिमी रुंद. पुढची मुद्दाम कमी खोल आणि जास्त रुंद आहे, म्हणून बाजूचा वारा आला तरी हँडलला हिसका कमी बसतो.

सर्वांत सुटसुटीत गोष्ट खालच्या बाजूला आहे. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या धुरीचं बेअरिंग, आट्यांचा, ६८ मिमीच्या बीएसए मापाचा. आट्यांशिवाय दाबून बसवायच्या प्रेसफिटच्या काळात प्रत्येक पावसाळ्यानंतर जो करकर आवाज सुरू व्हायचा, तो इथे नाही. कप दहा मिनिटांत निघतात, ग्रीस लावून परत बसतात.

सायकल जिथे कमी पडते तिथेच मोठ्या शर्यती ठरतात, आणि ती जागा म्हणजे टाइम ट्रायल. तिथे प्रत्येक संघ वेगळी सायकल काढतो. एव्हेनेपूलने २०२२ ची व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत, जिंकली तेव्हा आघाडीची लाल जर्सी त्याने सहाव्या टप्प्यावर, पिको हानोच्या डोंगरात, रोजच्या सायकलीवर मिळवली. पण दहाव्या टप्प्यावर एल्चे ते आलिकांते या ३०.९ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये प्रतिस्पर्धी रॉग्लिचला ४८ सेकंदांनी मागे टाकलं ते शिव टीटी या कंपनीच्या टाइम ट्रायल सायकलीवर. पुढे ला पांदेरा आणि सिएरा नेवाडाच्या चढांवर त्याने वेळ गमावला आणि शेवटी दुसऱ्या आलेल्या एन्रिक मासपेक्षा २ मिनिटं २ सेकंदांनी पुढे राहिला. म्हणजे टाइम ट्रायलमध्ये साठवलेलं धन त्याने डोंगरात जपून खर्च केलं. सगळं जमणारा रायडर मोठी शर्यत जिंकतो तो बहुतेक याच हिशोबाने.

डोंगरी टाइम ट्रायल आली की मात्र कोणती सायकल घ्यायची यावरून संघांत वाद होतो. २०२३ च्या टूर द फ्रान्समध्ये कोंब्लूच्या २२.४ किलोमीटरच्या टप्प्यावर स्लोव्हेनियाच्या पोगाचारने दोमांसीच्या चढाच्या तोंडाशी टीटी सायकल सोडून साधी घेतली. त्याचा डॅनिश प्रतिस्पर्धी विंगेगोर टीटीवरच राहिला आणि १ मिनिट ३८ सेकंदांनी जिंकला. २०२५ मध्ये पेराग्यूदच्या १०.९ किलोमीटरवर उलटं झालं. पोगाचार पहिल्यापासून साध्या सायकलीवर होता आणि जिंकला. एव्हेनेपूल टीटी सायकलीवर होता, आणि दोन मिनिटं मागून सुटलेल्या विंगेगोरने त्याला शेवटच्या चढावर गाठलं. तिथे शेवट डोंगरातल्या विमानतळाच्या धावपट्टीवर होतो, आणि तिचा चढ १६ टक्क्यांपर्यंत जातो. तिथे वेग इतका पडतो की टीटीची लांब हँडलं उपयोगाची राहत नाहीत, आणि तिचं जास्तीचं वजन तेवढं जाणवतं. अशा दिवशी एसएल८ हीच योग्य सायकल ठरली असती, असं आमचं मत. निकाल त्याने फिरला असता का? नाही. पायच नव्हते त्या दिवशी.

हे पायांचं प्रकरण सायकलीच्या परीक्षणात आणावंच लागतं, कारण टारमॅकची बदनामी आणि कौतुक दोन्ही त्यावरून होतं. २०२३ च्या व्हुएल्टामध्ये तूरमाले घाटाच्या टप्प्यावर एव्हेनेपूलने २७ मिनिटं गमावली आणि दुसऱ्याच दिवशी लारा-बेलाग्वाचा डोंगरी टप्पा जिंकला. चोवीस तासांत कोणाची सायकल सुधारत नाही. २०२४ च्या टूरमध्ये मात्र तो तीनही आठवडे टिकला: तिसरा क्रमांक आणि तरुण रायडरांतल्या पहिल्याची पांढरी जर्सी. डिसेंबर २०२४ मध्ये सरावात टपालगाडीच्या उघडलेल्या दारावर आदळून त्याची बरगडी, खांदा आणि हात मोडला, हिवाळ्याचा पाया कच्चा राहिला, आणि २०२५ च्या टूरमध्ये काँ शहरातली ३३ किलोमीटरची टाइम ट्रायल जिंकूनही चौदाव्या टप्प्यावर, पुन्हा तूरमालेवरच, तो शर्यतीतून उतरला. एका दिवसाची ताकद थोड्या सरावावरही परत येते. सलग डोंगर चढून रात्रीत सावरायची ताकद महिनोन् महिन्यांच्या संथ किलोमीटरांतून येते, आणि ते किलोमीटर चुकले की तिसऱ्या आठवड्यात उघडे पडतात. २०१९ च्या टूरमध्ये फ्रान्सच्या अलाफिलीपचं याहून वेगळं झालं नाही: चौदा दिवस आघाडीची पिवळी जर्सी, पो शहरातली टाइम ट्रायलही खिशात, आणि आल्प्सनंतर पाचवा. त्या वर्षी त्याने मिलान–सान रेमो, स्त्रादे बियांके आणि फ्लेश वालोन या तिन्ही एकदिवसीय शर्यती जिंकल्या होत्या.

मग सायकलीने अडवलं का? याच एसएल८ वर रॉग्लिचने २०२४ ची व्हुएल्टा घेतली, आणि मेर्लियेने २०२५ च्या टूरमध्ये दोन स्प्रिंट मारल्या. एक घाटाचा माणूस, एक सपाटीचा, फ्रेम एकच. सायकलीपुरता तरी प्रश्न निकालात निघाला आहे.

आता विकत घेणाऱ्याचं. एस-वर्क्स बाजारात आली तेव्हा अमेरिकेत १४,००० डॉलरची होती. त्या भानगडीत पडू नका. खालच्या प्रतीची, १०आर कार्बनची फ्रेम ७८० ग्रॅमची आहे. आकार तोच, भूमिती तीच, फरक ९५ ग्रॅमचा. वरच्या हिशोबाने चाळीस मिनिटांच्या घाटात तीन सेकंद. उरलेले पैसे चाकांत घाला.

गिअरचं आधी बघा. पुढे ५२/३६ दात्यांची चक्रं आणि मागे ११-३० असेल तर सिंहगडाच्या दहा टक्क्यांच्या वळणांवर, मिनिटाला ७५ फेऱ्यांच्या लयीत पाय फिरवायला ताशी सव्वाअकरा किलोमीटर वेग ठेवावा लागतो. सायकल धरून ७८ किलो वजन असेल तर त्याला अडीचशे वॅट लागतात. मागे ३४ दात्यांचं चक्र टाकलं की वेग दहावर येतो आणि काम सव्वादोनशेत भागतं. टायर २८ किंवा ३० मिमी ट्यूबलेस घाला, फ्रेममध्ये ३२ पर्यंत जागा आहे; ७० किलोच्या माणसाला ६५ ते ७२ पीएसआय पुरे. रोव्हाल रॅपिडची २०२० ची पहिली आवृत्ती ट्यूबलेस नाही, जुनी चाकं घेताना एवढं विचाराच.

खरी कटकट हेडसेटची, म्हणजे हँडल फिरतं त्या बेअरिंगांची. ब्रेकच्या नळ्या वरच्या बेअरिंगमधून आत जातात. आपल्याकडच्या पावसात आणि घामात तेच बेअरिंग आधी गंजतं, आणि ते बदलायला नळ्या सोडून पुन्हा ब्लीड करावं, म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढावी लागते. एकतुकडी हँडलची लांबी बदलायची तरी तेच काम. म्हणून मापं फिटिंग करून आधीच ठरवा, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर बेअरिंग उघडून ग्रीस भरा. सीटपोस्ट घसरला की लोक बोल्ट आवळत सुटतात. आधी तो बाहेर काढा, पुसा, ग्रीसऐवजी कार्बनची पेस्ट लावा आणि छापलेल्या आकड्यापर्यंतच टॉर्क रेंचने आवळा.

जुनी एसएल७ स्वस्तात मिळत असेल तर एक गोष्ट तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. हेडसेटची कॉम्प्रेशन रिंग स्टीअररवर (पुढच्या काट्याच्या वरच्या नळीवर) दाब देऊन त्याला तडा पाडू शकते, म्हणून २०२१ च्या अखेरीस कंपनीने त्या सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. नवी रिंग आणि स्टीअररच्या आत बसणारा नवा एक्सपँडर बसवून दिला जात होता. ते काम झालंय का, हे फ्रेमच्या नंबरवरून डीलरकडून कळतं. शिवाय वरची टोपी काढून, चाकाचा पुढचा काटा (फोर्क) खाली ओढून, स्टीअररवर रिंग बसते त्या जागी नख फिरवून पाहा. नख अडकलं तर सौदा तिथेच सोडा.