अल्टिमीटरसाठी नऊ व्होल्टचा सेल घ्यावा की लिपो (पुन्हा चार्ज होणारी लिथियम-पॉलिमर बॅटरी)?

मॉडेल रॉकेटचा अल्टिमीटर, म्हणजे उंची मोजून पॅराशूट उघडवणारा छोटा बोर्ड, टेबलावर छान बीप करतो, मल्टिमीटर 9 व्होल्ट दाखवतो, आणि तरी वर गेल्यावर पॅराशूट उघडत नाही. अशा वेळी बोर्ड बदलायच्या आधी बॅटरी तपासा. नुसता अल्टिमीटर चालायला काही मिलिअँपिअर पुरतात, पण पॅराशूट बाहेर ढकलणारी चिमूटभर दारू (चार्ज) उडवणाऱ्या ई-मॅचला, म्हणजे विजेने पेटणाऱ्या काडीला, क्षणभर का होईना, जवळपास एक अँपिअर लागतो. त्या क्षणी व्होल्टेज कोसळलं की अल्टिमीटर रिसेट होतो. रॉकेट खाली आल्यावर उंची सांगणाऱ्या बीपऐवजी चालू करतानाचेच बीप ऐकू आले, तर मधे वीज तुटली असं समजा.

इंदूरमध्ये महाराणी रोडवर नुसता 'नऊ व्होल्टचा सेल द्या' म्हटलं, तर बऱ्याचदा स्वस्तातला झिंक-कार्बन सेल हातात पडतो. त्यावर 6एफ22 छापलेलं असतं. मल्टिमीटरला तो ठीक आहे, रॉकेटला अजिबात नाही. अल्कलाइनच मागा; त्यावर 6एलआर61 असतं. फरक स्वतः बघायचा असेल तर ई-मॅच काढून ठेवा आणि सेलला 10 ओहम, 10 वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर एक-दोन सेकंदच लावा. नवा अल्कलाइन सात-साडेसात व्होल्टच्या आसपास टिकतो. झिंक-कार्बनचा आकडा डोळ्यांदेखत घसरतो. मोकळ्या सेलवरचा 9 व्होल्टचा आकडा म्हणूनच फसवा.

अल्कलाइनचं दुखणं म्हणजे त्याची क्लिप. झटक्याने ती सुटू शकते. सेलची टोकं खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे उड्डाणाच्या जोराने तो क्लिपमध्ये दाबला जाईल, आणि वरून जिप टाय आवळा.

लिपो हलका असतो. नऊ व्होल्टचा अल्कलाइन साधारण 45 ग्रॅम भरतो, तर दोन सेलचा छोटा लिपो त्याच्या निम्म्या वजनात मिळतो आणि भार आला तरी फारसा दबत नाही. पण तो जपावा लागतो. प्रत्येक सेल 4.2 व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही, 3 च्या खाली उतरू द्यायचा नाही, आणि पडून राहणार असेल तर 3.8 वर ठेवायचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीत लिपो ठेवणं धोक्याचंच. फुगलेला लिपो पुन्हा चार्जरला लावूच नका. शिवाय लिपो एकदम बराच करंट देतो, म्हणून बोर्डाला किती व्होल्ट आणि किती अँपिअर चालतात ते आधी मॅन्युअलमध्ये बघा. सारखे दिसणारे कनेक्टरही कधी उलट्या जोडणीचे निघतात. पहिल्यांदा लावण्याआधी प्लस-मायनस मल्टिमीटरने तपासा.

वर्षातून मोजकीच उड्डाणं करत असाल तर माझं मत अल्कलाइनला: प्रत्येक उड्डाणाला नवा सेल, जुना घरच्या मल्टिमीटरला. कॉलेजची टीम असेल, दर महिन्याला रॉकेट उडत असेल आणि चार्जरकडे लक्ष देणारा एक जबाबदार माणूस असेल, तर लिपोच घ्या. निकामी बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि सकाळच्या कचरागाडीत ती सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळी द्या.